कलेचे मुक्तद्वार

इसवी सन १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात एक तरुण बंगाली संन्यासी कोल्हापूरहून बेळगावास आला. कोल्हापूर दरबारचे खासगी कारभारी गोळवलकर यांनी बेळगावचे वकील भाटे यांच्या नावे दिलेली एक चिठ्ठी, एवढीच त्याची ओळख. भाट्यांनी त्या अपरिचित पाहुण्यास घरात घेतले. तीन दिवसांनंतर तो वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे गेला आणि तेथील मुक्काम आटोपून गोमंतकात उतरला. मडगावी सुब्राय नायक यांच्याकडे राहून त्याने राशोलच्या सेमिनारीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेनंतर साऱ्या जगास त्याचे नाव ठाऊक झाले. भाटे यांचे रिसालदार गल्लीतील ते घर आज स्वामी विवेकानंदांचे स्मारक म्हणून जतन झाले असून रामकृष्ण मिशनच्या देखरेखीखाली आहे. बेळगाव आणि गोवा यांना जोडणारे धागे पुष्कळ आहेत. त्यांतील हा एक धागा वाचकांच्या स्मरणात असावा, म्हणून आरंभीच त्याचा निर्देश केला.

या घराचे महत्त्व तेथे कोण राहिला यात आहे. तितकेच ते दार कसे उघडले गेले यातही आहे. ओळखपाळख नसलेल्या मनुष्यास त्या घराने आत घेतले. ऐतिहासिक घरे, वाडे आणि राजवाडे यांची स्मारके व संग्रहालये होऊ लागल्यापासून हा गुण मात्र हळूहळू मागे पडत चालला आहे की काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. सीमाभागातच नव्हे, तर गोव्यात आणि महाराष्ट्रातही हे दृश्य नित्याचे आहे: सहकुटुंब मंडळी जुना वाडा पाहावयास येतात; तरुण माणसे व मुले दिंडीतून वाकून आत जातात, जिना चढतात, दोरीपलीकडच्या वस्तू पाहतात आणि अर्ध्या तासात परततात. गुडघे धरलेली आजी तेवढा वेळ बाहेरच्या कट्ट्यावर पिशव्या सांभाळीत बसलेली असते. एखाद्या कुटुंबातील अंध मुलगा आत जातो खरा, परंतु कशासही हात लावावयाची त्यास मनाई असते. चाकांच्या खुर्चीवरील मनुष्य उंबरठ्यापाशीच थांबतो. ही मंडळी तक्रार करीत नाहीत. 'तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो' असे म्हणतात आणि त्यामुळेच आपल्याला कोणी वगळले गेले असे वाटतही नाही.

आपल्या समाजात एक फार चांगला शब्द आहे: मुक्तद्वार. मठांत, देवस्थानांत, उत्सवप्रसंगी मुक्तद्वार भोजन असते. तेथे आमंत्रणपत्रिका लागत नाही, नाव नोंदवावे लागत नाही. जो येईल त्याने पंगतीस बसावे आणि तृप्त होऊन जावे. ऐतिहासिक घरांतून कलेचेही असेच मुक्तद्वार असावे, एवढीच या लेखातील सूचना आहे. आठवड्यातून एक दिवस, दोन-तीन तास, घराच्या ओसरीवर वा चौकात एक लांब मेज मांडावे. त्यावर कागद, रंग, माती, सूत, काथ्या, लाकडाचे तुकडे असावेत. शेजारी एखादा जाणता कारागीर बसलेला असावा. वाटसरूने यावे, घटकाभर बसावे, हाताने काही करून पाहावे आणि उठून जावे. शुल्क नाही, परीक्षा नाही, बक्षीस नाही. पाश्चात्य देशांतील अनेक संग्रहालयांत असे उपक्रम रूढ आहेत. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जिम ईड या कलासंग्राहकाने १९५७ मध्ये चार जुन्या झोपडीवजा घरांत आपला संसार थाटला आणि सत्रकाळात दररोज दुपारी ते घर विद्यार्थ्यांना खुले ठेवले. विद्यार्थ्यांना आपल्या खोलीत लावण्यासाठी तो चित्रेही उसनी देई. १९६६ मध्ये त्याने ते घर संग्रहासह विद्यापीठाच्या स्वाधीन केले. घराचे घरपण कायम राखूनही ते सर्वांचे होऊ शकते, याचा हा एक नमुना.

तथापि उदाहरणासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला किंवा पणजीहून पेडणे ओलांडले की सावंतवाडी येते. तेथील राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे अठराव्या शतकातला. गंजिफा रंगविण्याची येथील कला विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ लोपली होती. दशावतारी गंजिफांचा संच म्हणजे १२० गोल पाने. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याच्या खळीने पान तयार करावयाचे, त्यावर रंगकाम करावयाचे आणि लाखेचा हात द्यावयाचा, असे हे जिकिरीचे काम. शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या वर्षांत हे काम जाणणाऱ्या वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या समजावून घेतली, तरुण कारागीर तयार केले आणि राजवाड्याच्या दरबार दालनातच त्यांची बैठक मांडली. जेथे पूर्वी मानकरी बसत तेथे कारागीर मांडी घालून बसला. येणाऱ्या पाहुण्याने त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहावे, प्रश्न विचारावा, ही तेथील प्रथा. सावंतवाडीची गंजिफा आज जिवंत आहे ती काचेच्या कपाटामुळे नव्हे, त्या बैठकीमुळे. आमची सूचना याच्यापुढे एकच पाऊल टाकते: पाहणाऱ्याच्या हातीही कुंचला द्यावा.

बेळगाव आणि निपाणी या टापूत अशा मेजावर मांडण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. उलट काय नाही, असे विचारावे. शहापूर, वडगाव, खासबाग येथे विणकरांची वस्ती आहे. धोटा कसा धावतो आणि काठ कसा उतरतो हे सांगणारी माणसे तेथे अद्याप आहेत. खानापूरच्या कुंभारकामाचा लौकिक जुना असून तेथे मृत्तिकाकामाचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आणि मातीची हुबेहूब फळे कोणी पाहिली नाहीत? निपाणी व अथणीकडच्या कारागिरांची चर्मकला तर जगाच्या बाजारात पोहोचली आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावे. बेळगाव त्यांपैकी एक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेली रेषा माणसांच्या काळजावरून गेली. तिचे दुःख आम्ही जाणतो, आणि तो प्रश्न न्यायासनापुढे असताना येथे त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु चपलेच्या कारागिराने ती रेषा कधी मानली नाही, हेही खरेच. मेजाच्या एका बाजूस मराठी बोलणारी आजी आणि दुसऱ्या बाजूस कन्नड बोलणारे मूल बसले, तर त्यांच्यामधील मातीच्या गोळ्यास दुभाषी लागत नाही. सूचनाफलक दोन्ही भाषांत ठळक अक्षरांत असावेत. त्यांतील मराठीस तिचे स्थान मिळावे, हा आग्रह रास्त आहे आणि अशा घरगुती जागी तो सौहार्दाने पुरा होऊ शकतो.

या मेजावर कोणी बसावे? आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात ती निपाणीची मुले. तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या सुपांपुढे ज्यांच्या आयांचा दिवस जातो, त्यांच्या सुट्टीच्या दुपारी रस्त्यावर जातात. निपाणीचे कथालेखक महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवीत अशाच कष्टकऱ्यांचे जग मराठी साहित्यात आणले. २०२४ मध्ये ते निवर्तले. प्रतिभा कोणत्या गल्लीत जन्मास येईल याचा नेम नसतो. प्रसिद्ध चित्रकार रवी परांजपे यांचा जन्म १९३५ चा, बेळगावातला. त्यांना मार्गदर्शन लाभले ते बेळगावच्याच के. बी. कुलकर्णी यांचे. गुरूचे दार उघडे होते म्हणून शिष्य घडला. ज्या मुलास असे दार दिसलेच नाही त्याचे नाव आपणांस कधीच कळणार नाही.

दुसरे आपले गोमंतकीय. औषधोपचारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, लग्नाच्या साड्यांसाठी आपण बेळगावास जातो. तेथली भाजी रोज आपल्या बाजारात येते. रुग्णाला इस्पितळात ठेवून बाहेर दिवस कंठणारे नातलग कोणी पाहिले नसतील असे नाही. अशा माणसास कोणत्याही वर्गात नाव घालता येत नाही, कारण उद्या आपण येथे असू की नाही हे त्यास ठाऊक नसते. पूर्वनोंदणीचा आग्रह धरणारी प्रत्येक योजना नेमक्या अशाच माणसांस दाराबाहेर ठेवते. मुक्तद्वाराचे मर्म येथे आहे. ते ढिसाळपणासाठी नाही. ज्यांचे दिवस स्वतःच्या हाती नसतात त्यांच्यासाठी आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपंग बंधुभगिनी. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २ कोटी ६८ लक्ष भरली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्याच्या २९ व्या कलमाने कला सर्वांच्या आवाक्यात आणण्याचे, सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याची तजवीज करण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकले. म्हणजे हा विषय आता दयाबुद्धीचा राहिलेला नाही, हक्काचा झाला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने डिसेंबर २०१५ मध्ये स्पर्शाने पाहावयाच्या प्रतिकृतींचे 'अनुभव' हे दालन उघडले. राजधानीत जे झाले ते रिसालदार गल्लीत किंवा निपाणीत का होऊ नये?

यासाठी काय लागते ते येथे स्पष्ट मांडणे इष्ट. वाड्याचे जोते दीड फूट उंच असेल तर उतार बारास एक या मानाने अठरा फूट लांबीचा करावा लागतो. जुन्या वास्तूस धक्का न लावता तो सुटा, लाकडी किंवा लोखंडी करता येतो आणि काम संपताच उचलून ठेवता येतो. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी. मुख्य दार अरुंद असल्यास परसदार पाहावे, मात्र तेथेही स्वागत मुख्य दारासारखेच असावे. जिना चढणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी उपक्रम तळमजल्यावरच ठेवावा. मेजाखाली चाकांच्या खुर्चीतील माणसाचे गुडघे शिरावेत एवढी उंची हवी. ज्यांची बोटे वळत नाहीत त्यांच्यासाठी कुंचल्याच्या दांड्याभोवती चिंधी गुंडाळली की पकड जाड होते. यास खर्च काहीच नाही. अंधांसाठी माती, काथ्या, मणी, विणकामाची छोटी चौकट. चित्राची बाह्यरेषा दोरा चिकटवून उंचावली तर बोटांना ती वाचता येते. बहिऱ्यांसाठी कृती तोंडाने सांगण्याऐवजी टप्प्याटप्प्याने करून दाखवावी. गर्दी आणि गोंगाट ज्यांना सोसत नाही अशा मुलांसाठी एक शांत कोपरा असावा. आणि काम असे निवडावे की वीस मिनिटांत एखादी वस्तू पुरी व्हावी. ज्यास रमावयाचे असेल त्याने दोन तास रमावे. केलेली वस्तू ज्याची त्याने घरी न्यावी.

यावर आक्षेप येतील याची आम्हांस जाणीव आहे. पहिला आक्षेप वास्तुरक्षणाचा. रंग आणि माती जुन्या भिंतींना व दुर्मिळ वस्तूंना अपाय करतील, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच मेज संग्रहाच्या दालनात न मांडता ओसरीवर, चौकात किंवा अंगणात मांडावे आणि तेथे मूळ वस्तूंऐवजी प्रतिकृती ठेवाव्यात. दुसरा आक्षेप पावित्र्याचा. थोर पुरुषाच्या स्मारकात मुलांचा गलबला शोभेल काय? स्वामी विवेकानंदांपुरते बोलावयाचे तर त्यांनी १९०१ मध्ये बेलूर मठात कलकत्त्याच्या ज्युबिली कला अकादमीचे रणदाप्रसाद दासगुप्त यांच्याशी कलेविषयी विस्ताराने चर्चा केली होती. चित्र-शिल्पाचे त्यांना वावडे नव्हते. शांततेची वेळ वेगळी व मेजाची वेळ वेगळी ठेवली, की दोन्ही साधते. प्रत्येक स्मारकाने काय करावे हे त्याच्या विश्वस्तांनी ठरवावयाचे आहे. आम्ही केवळ शक्यता दाखवितो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कारागिरांच्या बाजूने येतो. पोट भरत नाही म्हणून ज्या विणकराने माग मोडीत काढला त्याला हौशी पाहुण्यांपुढे शोभेसाठी बसवून काय साधणार? हा प्रश्न टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे की, कारागिरास त्या दिवसाचा पूर्ण मोबदला रोख मिळाला पाहिजे, त्याच्या नावाची पाटी मेजावर असली पाहिजे आणि त्याच्या मालाची विक्री तेथेच, मध्यस्थाविना झाली पाहिजे. मान, मोल आणि नाव या तीन गोष्टी नसतील तर उपक्रम न केलेला बरा. कागद, माती, सूत यांचा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च कारागिराच्या मोबदल्याचा आणि तो करण्यास संस्थांनी मागेपुढे पाहू नये. नगरपालिका, देवस्थाने, सहकारी पतपेढ्या, शिक्षणसंस्था यांनी वर्षातील एकेक महिन्याचा भार उचलला तरी पुरे. बेळगावसारख्या व्यापारी गावास हे जड नाही.

आणि हा उपदेश सीमेपलीकडच्या बांधवांना करून आपण हात झटकावेत, हे योग्य नव्हे. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये अपंगांसाठी 'पर्पल फेस्ट' हा महोत्सव प्रथम भरला. त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते यथार्थ होते. परंतु महोत्सव थोड्या दिवसांचा असतो. त्याचा मंडप उतरल्यानंतर वर्षाचे उरलेले दिवस आपल्या राजांगणाच्या जुन्या घरांची, संग्रहालयांची, देवस्थानांच्या अग्रशाळांची दारे कोणासाठी उघडी असतात? चवथीची माटोळी बांधण्याची कला, कुंकळ्ळीचे लाखकाम, शिगम्याची चित्ररथकला आपल्याकडे आहे. ज्याला उंच माटोळीपर्यंत हात पोचत नाही त्यानेही एकदा ती फळे बांधून पाहावी, अशी सोय आपण कोठे केली आहे? मडगावी ज्या संन्याशाचे स्वागत झाले त्याचीच आठवण बेळगाव जपते. तेव्हा दोन्ही गावांनी एकमेकांपासून शिकावे आणि एकमेकांशी चांगल्या अर्थाने स्पर्धा करावी.

आमची विनंती मोठी नाही. बेळगाव, निपाणी आणि परिसरात ज्यांच्याकडे जुने वाडे, स्मारके व संग्रह आहेत, मग ते खासगी घराण्याचे असोत की संस्थेचे, त्यांनी महिन्यातून एक रविवार ठरवावा. एक मेज, एक उतार, एक कारागीर एवढ्यावर आरंभ करावा. पहिल्या रविवारी पाचच माणसे आली तरी निराश होऊ नये. मुक्तद्वाराच्या पंगतीस पहिल्या दिवशी गर्दी होत नाही, वार्ता पसरावी लागते. सहा महिन्यांनी हिशेब मांडताना किती जण आले हे मोजू नये. कट्ट्यावर बसून राहणाऱ्यांपैकी किती जण आत आले ते मोजावे. १८९२ मध्ये भाट्यांनी चिठ्ठीवरच्या चार ओळी वाचून एका परक्यास घरात घेतले होते. आज दारात आलेल्या माणसापाशी चिठ्ठीही नसेल. तरीही त्यास 'या, बसा' म्हणावे, आणि बसावयास जागा त्याच्या सोयीची द्यावी.